ऑस्ट्रेलियाचा विरोधी पक्षनेता कोण ठरवतं आणि मतदार त्याला स्वीकारतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी २०२६ मध्ये विरोधात बसलेल्या लिबरल पक्षाने नऊ महिन्यांत दुसऱ्यांदा नेता निवडला, तेव्हापासून या विषयावरचे प्रश्न थांबत नाहीत. काही प्रश्न मेलबर्न-सिडनीत नव्याने नागरिक झालेल्यांचे आहेत, काही पुण्या-नागपुरात राहून मुलांच्या देशाचं राजकारण जवळून पाहणाऱ्या आईवडिलांचे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं द्यायला लागू नयेत म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विरोधी पक्षनेता हे सरकारी पद आहे की पक्षाचं?

दोन्ही. प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, १५० जागा आहेत. सत्तेबाहेरच्या सर्वांत मोठ्या पक्षाचा किंवा युतीचा नेता हाच विरोधी पक्षनेता. त्याला खासदाराच्या पगारावर जादा पगार, कार्यालय आणि कर्मचारी सरकारी खर्चाने मिळतात. आपल्याकडे या पदासाठी दहा टक्के जागांची अट धरली जाते, तशी भानगड इथे नाही.

तो स्वतःचं 'शॅडो' मंत्रिमंडळ नेमतो, म्हणजे प्रत्येक मंत्र्यासमोर आपला एक माणूस उभा करतो. अर्थमंत्री मंगळवारी संध्याकाळी अर्थसंकल्प मांडतात आणि गुरुवारी संध्याकाळी विरोधी पक्षनेता त्याला उत्तर देतो. हे भाषण जमलं की त्याच्याकडे उद्याचा पंतप्रधान म्हणून पाहायला सुरुवात होते. फसलं की पक्षातलेच लोक आकडेमोड सुरू करतात.

२. हा नेता मतदार निवडतात, कार्यकर्ते निवडतात की खासदार?

लिबरल पक्षात फक्त खासदार निवडतात. प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांतले पक्षाचे सदस्य एका खोलीत बसतात. तिला 'पार्टी रूम' म्हणतात. गुप्त मतदान होतं आणि साधं बहुमत पुरतं. वर्षानुवर्षं वर्गणी भरणाऱ्या, पत्रकं वाटणाऱ्या कार्यकर्त्याला यात मत नाही. लेबर पक्षाची रीत वेगळी आहे, ती प्रश्न ५ मध्ये.

बाकी सगळ्या प्रश्नांची मुळं इथे आहेत. मे २०२५ मध्ये त्या खोलीत ५४ मतं पडली, फेब्रुवारी २०२६ मध्ये ५१. देशात नोंदलेले मतदार सुमारे १ कोटी ८० लाख. खोलीत बसलेले बहुतेक जण सुरक्षित जागांवरून आलेले असतात, कारण पडलेल्या जागांचे खासदार त्या खोलीत उरलेलेच नसतात. ज्या मतदारांना परत जिंकायचं आहे, त्यांची बाजू मांडणारं आत जवळजवळ कोणी नाही. पक्षाचा पराभव जितका मोठा, तितकी ही अडचण मोठी.

३. बातम्यांत 'स्पिल' म्हणतात ते काय असतं?

चालू नेत्याचं पद रिकामं झाल्याचं जाहीर करा, असा ठराव म्हणजे स्पिल. तो मंजूर झाला तरच नेतेपदाची निवडणूक होते, आणि तिला हटवलेला नेताही पुन्हा उभा राहू शकतो.

कॅनबेरात हे घडतं ते असं. आदल्या दिवशी एखादा वजनदार सदस्य शॅडो मंत्रिमंडळाचा राजीनामा देतो. रात्रभर फोन चालू असतात. सकाळी खासदार संसदेच्या लांब गलियाऱ्यातून गटागटाने चालत येतात. कोण कोणाबरोबर चालतंय याचं कॅमेरे चित्रण करतात, कारण त्यावरून लोक मतांचा अंदाज बांधतात. दार बंद होतं. आत कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहिली जातात. अर्ध्या-पाऊण तासात पक्षाचा प्रतोद बाहेर येऊन आकडे वाचून दाखवतो. दुपारपर्यंत नवा नेता झेंड्यापुढे उभा राहून पत्रकारांना उत्तरं देत असतो.

४. २०२५ आणि २०२६ मध्ये लिबरल पक्षात नेमकं काय झालं?

३ मे २०२५ च्या निवडणुकीत पंतप्रधान अँथनी अल्बनीझी यांच्या लेबर पक्षाला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. लिबरल-नॅशनल युती ४३ वर आली. युतीचे नेते पीटर डटन स्वतःची डिक्सनची जागाही हरले.

१३ मे रोजी लिबरल नेतेपदाच्या मतदानात सुझन ली यांनी अँगस टेलर यांना २९ विरुद्ध २५ मतांनी हरवलं. संघीय लिबरल पक्षाच्या त्या पहिल्या महिला नेत्या. ज्यांची सिनेटमधली मुदत ३० जूनला संपत होती असे काही सदस्यही त्या दिवशी मतदान करू शकले. चार मतांच्या फरकात हे फार महत्त्वाचं होतं. काही आठवड्यांत ते संसदेबाहेर गेले आणि ली यांच्या पायाखालचं बहुमत पहिल्या दिवसापासून कच्चं राहिलं.

पुढचे नऊ महिने त्यांना एक आठवडा धड मिळाला नाही. नॅशनल्स दोनदा युती सोडून गेले (प्रश्न ७). सप्टेंबरमध्ये सिनेटर जसिंटा प्राइस यांचं प्रकरण झालं (प्रश्न १५). नोव्हेंबरमध्ये पक्षाने २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट सोडून दिलं. ली यांना ज्या शहरी मतदारांकडे जायचं होतं, त्यांच्यापासून हा निर्णय दूर नेणारा होता, आणि तरीही तो त्यांनाच लोकांपुढे मांडावा लागला. १३ फेब्रुवारी २०२६ रोजी टेलर यांनी त्यांना ३४ विरुद्ध १७ मतांनी हरवलं. जेन ह्यूम उपनेत्या झाल्या.

ली यांना काम करायची संधीच दिली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पक्ष एका दिशेला आणि नेता दुसऱ्या दिशेला उभा असेल तर नेत्याची योग्यता तपासलीच जात नाही.

५. लेबर पक्षात कार्यकर्त्यांना मत असतं, हे खरं का?

खरं आहे. २०१३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी हा नियम आणला. एकापेक्षा जास्त उमेदवार असतील तर अर्धं वजन खासदारांच्या मतांना, अर्धं पक्षसदस्यांच्या मतांना. लेबरच्या खासदारांच्या बैठकीला 'कॉकस' म्हणतात.

पहिल्याच वेळी गंमतशीर निकाल लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये बिल शॉर्टन आणि अल्बनीझी यांच्यात लढत झाली. पक्षसदस्यांपैकी जवळपास ६० टक्के अल्बनीझींच्या बाजूने होते. कॉकसमध्ये मात्र शॉर्टन यांना ५५ आणि अल्बनीझींना ३१ मतं पडली. बेरजेत शॉर्टन ५२ टक्क्यांनी जिंकले. त्यांनी २०१६ आणि २०१९ अशा दोन निवडणुका हरल्या. मग २०१९ मध्ये अल्बनीझी बिनविरोध नेते झाले आणि २०२२ मध्ये पंतप्रधान.

नियमाचा मोठा फायदा दुसराच आहे. विरोधी पक्षनेत्याला आव्हान द्यायचं तर कॉकसमधल्या ६० टक्के खासदारांच्या सह्या लागतात, पंतप्रधानाला द्यायचं तर ७५ टक्के. त्यामुळे अल्बनीझींना विरोधात असताना पूर्ण तीन वर्षं मिळाली. ली यांना एकही मिळालं नाही.

६. पंतप्रधानालाही असंच हटवता येतं का?

येत होतं, आणि सर्रास हटवलं जात होतं. रड २०१० मध्ये गेले, जुलिया गिलार्ड २०१३ मध्ये, टोनी अॅबट २०१५ मध्ये, माल्कम टर्नबुल २०१८ मध्ये. चौघांनाही त्यांच्याच खासदारांनी काढलं.

डिसेंबर २०१८ मध्ये लिबरल पक्षाने नियम केला की निवडणूक जिंकून आलेल्या पंतप्रधानाला हटवायला दोन-तृतीयांश खासदार हवेत. हे संरक्षण फक्त पंतप्रधानाला आहे. लिबरल विरोधी पक्षनेत्याला साध्या बहुमताने कोणत्याही बैठकीत काढता येतं.

७. नॅशनल्स हा युतीतला पक्ष आहे, मग त्यांना नेता निवडताना मत का नाही?

कारण ते दोन वेगळे पक्ष आहेत आणि प्रत्येक जण आपला नेता निवडतो. मोठ्या पक्षाचा नेता युतीचा नेता होतो. सत्ता आली की नॅशनल्सचा नेता उपपंतप्रधान होतो. नॅशनल्सची ताकद शेतकरी आणि खाणकामगारांच्या ग्रामीण पट्ट्यात आहे.

मत नसलं तरी नेत्याला जेरीला आणायची ताकद त्यांच्याकडे पुरेपूर आहे. मे २०२५ मध्ये नॅशनल्सचे तेव्हाचे नेते डेव्हिड लिटलप्राउड यांनी युती मोडल्याचं जाहीर केलं आणि आठवडाभरात परत आले. जानेवारी २०२६ मध्ये द्वेषमूलक भाषणाविरुद्धच्या कायद्यावर नॅशनल्सच्या तीन सिनेटरांनी ठरलेल्या भूमिकेविरुद्ध मत दिलं. ली यांनी त्यांचे शॅडो मंत्रिमंडळातले राजीनामे स्वीकारले आणि पूर्ण पक्ष पुन्हा बाहेर पडला. फेब्रुवारीत समेट झाला. त्या समेटानंतर आठवडाभरही ली नेतेपदावर राहिल्या नाहीत.

८. मतपत्रिकेवर पंतप्रधानपदाच्या उमेदवाराचं नाव असतं का?

नाही. तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं असतात. अल्बनीझींना थेट मत फक्त सिडनीतल्या ग्रेंडलर मतदारसंघाचे लोक देऊ शकतात.

नव्या मतदारांसाठी थोडं सविस्तर. मतदान शनिवारी असतं, बहुतेक जवळच्या प्राथमिक शाळेत. फाटकाबाहेर प्रत्येक पक्षाचे स्वयंसेवक 'असं मत द्या' सांगणारी पत्रकं हातात देतात आणि शाळेची पालकसमिती पावात सॉसेज घालून विकत असते. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला पेन्सिल ठेवलेली असते. प्रतिनिधिगृहाच्या मतपत्रिकेवर *प्रत्येक* चौकोनात पसंतीक्रमाचा आकडा लिहावा लागतो. फक्त एका नावापुढे १ लिहून बाकी चौकोन रिकामे सोडले तर मत बाद होऊ शकतं. भारतातून आलेल्यांची ही चूक होते, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

ज्याला सर्वांत कमी पहिल्या पसंतीची मतं मिळतात तो बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. कोणाला तरी निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हे चालतं. या पद्धतीमुळे २०२२ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची जेमतेम साडेबत्तीस टक्के मतं मिळूनही ७७ जागा आणि सत्ता मिळाली.

९. मतदान सक्तीचं आहे, त्याचा नेता निवडण्याशी काय संबंध?

फार मोठा. १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे. मत न देणाऱ्याने कारण सांगायचं, नाहीतर २० डॉलर दंड. त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदार येतातच.

जिथे मतदान ऐच्छिक असतं तिथे आपल्या कट्टर समर्थकांना घराबाहेर काढणारा नेता जिंकू शकतो. इथे समर्थक येणारच आहेत आणि राजकारणात फारसा रस नसलेला शेजारीही येणार आहे. घराचा हप्ता, पाळणाघराची फी, डॉक्टरची फी एवढंच पाहून तो आकडे लिहितो. पार्टी रूममध्ये टाळ्या मिळवणारं भाषण त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

१०. नेता बदलला की निवडणूक जिंकता येते का? इतिहास काय सांगतो?

कधी कधी येते, आणि ती उदाहरणं इतकी झगझगीत आहेत की हरलेला प्रत्येक पक्ष त्यांच्याकडे पाहून नेता बदलतो.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८३ चं. लेबरचे तेव्हाचे नेते बिल हेडन यांनी जुलै १९८२ मध्ये नेतेपदाच्या मतदानात बॉब हॉक यांना ४२ विरुद्ध ३७ मतांनी हरवलं होतं. ३ फेब्रुवारी १९८३ च्या सकाळी पंतप्रधान माल्कम फ्रेझर हेडन यांच्याशी सामना होईल या हिशेबाने निवडणूक जाहीर करायला निघाले. त्याच सकाळी ब्रिस्बेनमध्ये हेडन यांनी पद सोडलं आणि वाट हॉक यांच्यासाठी मोकळी झाली. ५ मार्चला हॉक जिंकले. पद सोडताना हेडन म्हणाले होते की या परिस्थितीत गुरं हाकणाऱ्याचा कुत्रासुद्धा लेबरला विजय मिळवून देईल. त्या बोलण्यात दुःख होतं, पण तथ्यही होतं. देश मंदीत होता आणि सरकारवर लोक वैतागले होते.

दुसरं, लिबरल पक्षाचे जॉन हॉवर्ड. १९८७ ची निवडणूक हरले, १९८९ मध्ये पक्षाने हटवलं. १९९४ मध्ये पक्षाने अलेक्झांडर डाउनर यांना आणलं. ते एकही निवडणूक न लढवता आठ महिन्यांत गेले. जानेवारी १९९५ मध्ये हॉवर्ड बिनविरोध परत आले आणि मार्च १९९६ मध्ये मोठ्या बहुमताने जिंकले. लेबर तेव्हा तेरा वर्षं सत्तेत होता.

तिसरं, रड. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी किम बीझली यांना ४९ विरुद्ध ३९ मतांनी हटवलं आणि वर्षभरात हॉवर्ड यांचं सरकार घालवलं. पण त्याच पक्षाने त्याच बीझलींना २००३ मध्येही नाकारलं होतं आणि मार्क लेथम यांना ४७ विरुद्ध ४५ मतांनी निवडलं होतं. २००४ मध्ये लेथम सपाटून हरले.

चौथं अॅबट यांचं. १ डिसेंबर २००९ रोजी त्यांनी टर्नबुल यांना ४२ विरुद्ध ४१ असं एका मताने हरवलं. हा माणूस फार टोकाचा आहे, निवडून येणार नाही, असं पक्षातलेही म्हणत होते. २०१० मध्ये त्यांनी लेबरचं बहुमत घालवलं आणि २०१३ मध्ये सत्ता घेतली. टेलर यांचे समर्थक हेच उदाहरण देतात. पण तेव्हा समोरचा लेबर पक्ष स्वतःच फुटला होता, रड आणि गिलार्ड एकमेकांना हटवत होते.

हॉक, हॉवर्ड, रड आणि अॅबट यांच्या विजयात एक गोष्ट समान आहे. समोरचं सरकार आधीच थकलेलं किंवा आपसांत भांडणारं होतं. नव्या नेत्याने उघडं दार ढकललं. बंद दार फक्त नेता बदलून उघडल्याचं उदाहरण मला सापडत नाही.

११. सत्ता गेल्यानंतरचा पहिला नेता कधीच पंतप्रधान होत नाही म्हणतात. खरं का?

गेल्या पन्नास वर्षांपुरतं तरी खरं आहे. १९७२ नंतर बिली स्नेडन, १९८३ नंतर अँड्र्यू पीकॉक, १९९६ नंतर बीझली, २००७ नंतर ब्रेंडन नेल्सन, २०१३ नंतर शॉर्टन, २०२२ नंतर डटन. यांपैकी कोणीही पंतप्रधान झालं नाही. १९७५ मध्ये लेबरचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केल्यावर तेच नेते राहिले आणि १९७७ मध्ये पुन्हा हरले.

यामागे शाप वगैरे काही नाही. लोक सरकारला सहसा दुसरी संधी देतात, आणि हरलेल्या पक्षाला आपण का हरलो हे मान्य करायला एका निवडणुकीपेक्षा जास्त वेळ लागतो. टेलर २०२२ नंतरचे तिसरे नेते आहेत, म्हणून हा अडसर त्यांना लागू नाही.

१२. मतचाचण्यांत पुढे असलेला नेता हरू शकतो का?

शॉर्टन यांचंच उदाहरण घ्या. २०१९ पर्यंत सलग कितीतरी महिने लेबर चाचण्यांत पुढे होता आणि १८ मे रोजी हरला. पक्षाने नंतर स्वतःची चौकशी करवली. लेबरचेच नेते जेय वेदरिल आणि क्रेग इमर्सन यांच्या अहवालात तीन कारणं ठळकपणे आली: परिस्थिती बदलल्यावर न बदललेली कमकुवत रणनीती, धोक्याच्या वाटणाऱ्या घोषणांची गर्दी, आणि लोकांना न आवडणारा नेता. इतकं स्पष्ट लिहिणारा पक्ष मी क्वचित पाहिला आहे. अल्बनीझींनी तो अहवाल गांभीर्याने घेतला आणि २०२२ मध्ये मोजकीच आश्वासनं दिली.

डटनही २०२५ च्या सुरुवातीला चाचण्यांत पुढे होते. सात ठिकाणी अणुऊर्जा प्रकल्प काढण्याची योजना २०२४ मध्येच जाहीर झाली होती, मग आली सरकारी कर्मचाऱ्यांचं घरून काम बंद करण्याची घोषणा. ही घोषणा फक्त केंद्र सरकारच्या नोकरांपुरती होती. पण उपनगरातल्या प्रत्येक घरात ती आपल्याविषयीच आहे असं वाटलं. पाळणाघर सहाला बंद होतं आणि ऑफिस तासाभरावर आहे, अशा घरांमध्ये आमच्याकडच्या आयटीवाल्या जोडप्यांपैकी बहुतेक येतात. एप्रिलमध्ये घोषणा मागे घेतली, पण झालेलं नुकसान भरून आलं नाही.

१३. लिबरल-नॅशनल युतीला सत्ता मिळवायला काय लागेल?

७६ जागा. २०२५ मध्ये ४३ मिळाल्या, म्हणजे आणखी ३३. ग्रामीण भागात इतक्या जागा शिल्लकच नाहीत. त्या मोठ्या शहरांच्या आतल्या आणि बाहेरच्या उपनगरांत आहेत.

आतल्या श्रीमंत उपनगरांत 'टील' अपक्ष आहेत. २०२२ मध्ये कुयाँग, वेंटवर्थ, मॅकेलर, कर्टिन अशा पिढ्यान्‌पिढ्या लिबरल राहिलेल्या जागा त्यांनी घेतल्या. कुयाँग ही तर पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेंझीस यांची जागा. हे सगळे अपक्ष महिला उमेदवार होते आणि हवामानबदल हा त्यांचा पहिला मुद्दा होता. २०२५ मध्ये गोल्डस्टाइन लिबरलांनी निसटत्या फरकाने परत मिळवली, पण ब्रॅडफिल्ड फेरमोजणीत २६ मतांनी घालवली.

महिलांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. लेबरने १९९४ मध्ये महिला उमेदवारांचा कोटा स्वीकारला आणि आज त्यांच्या कॉकसमध्ये महिला बहुसंख्य आहेत. लिबरल पक्षाने कोटा कायम नाकारला. पहिल्या महिला नेत्याला वर्षही पूर्ण न होऊ देता हटवण्याचा हिशेब या मतदारांपुढे द्यावाच लागेल.

१४. वन नेशन पक्ष वाढतोय, तर युतीचं नुकसान का होईल? पसंतीची मतं परत येतात ना?

काही येतात, सगळी येत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये न्यूजपोलच्या मतचाचणीत पॉलिन हॅन्सन यांच्या स्थलांतरविरोधी वन नेशनने युतीला मागे टाकलं. नॅशनल्सचे माजी नेते बार्नबी जॉइस डिसेंबर २०२५ मध्ये तिकडेच गेले.

मतमोजणीची पद्धत (प्रश्न ८) पाहिली तर धोका कळतो. पहिल्या पसंतीत लिबरल उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला तर बाद तोच होतो आणि त्याची मतं वाटली जातात. शिवाय वन नेशनची मतं परत आणायला तोच सूर लावला तर टील जागांवरचे मतदार आणखी दूर जातात. पार्टी रूमने टेलर यांना निवडताना पहिल्या धोक्याकडे पाहिलं. माझ्या मते दुसरा धोका मोठा आहे.

१५. भारतीय मतदारांवर या सगळ्याचा परिणाम होतो का? जसिंटा प्राइस प्रकरण काय होतं?

होतो, आणि हे उत्तर लांब आहे कारण ते आपल्याबद्दल आहे.

२०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक ऑस्ट्रेलियात होते. परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडनंतर दुसरा क्रमांक. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट, सिडनीत हॅरिस पार्क, वेंटवर्थविल, ब्लॅकटाउन या भागांत ही वस्ती दाट आहे.

३१ ऑगस्ट २०२५ रोजी अनेक शहरांत स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचं नाव घेतलं होतं. त्या आठवड्यात अनेक घरांत मुलांना एकटं रेल्वेने पाठवायचं की नाही यावर चर्चा झाली. लगेच काही दिवसांनी प्राइस यांनी एका मुलाखतीत सुचवलं की लेबर सरकार भारतीयांना येऊ देतं, कारण ते लेबरला मत देतात. त्यांनी माफी मागितली नाही. १० सप्टेंबरला ली यांनी त्यांना शॅडो मंत्रिमंडळातून काढलं. तात्कालिक कारण मात्र हे होतं की त्या ली यांच्या नेतृत्वाला पाठिंबा जाहीर करायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ली यांनी भारतीय समाजाची जाहीर माफी मागितली.

माफी योग्य होती. पण यायला आठवडा लागला, आणि तो आठवडा लोकांच्या लक्षात राहिला. स्वतःचा धंदा, मुलांचं शिक्षण, घर, कमी कर या गोष्टींना महत्त्व देणारा हा समाज लिबरल पक्षाकडे सहज वळू शकला असता. अनेक जण वळलेही होते. ज्यांना जवळ करणं सर्वांत सोपं होतं, त्यांनाच या पक्षाने परकं करून ठेवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतीय मतदार एकगठ्ठा लेबरचे आहेत हेही खरं नाही. लिबरल पक्षात डेव्ह शर्मा सिनेटर आहेत. लेबरकडून पर्थच्या स्वान मतदारसंघात मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या झनेटा मास्करेन्यस २०२२ मध्ये निवडून आल्या, आणि ती जागा त्यांनी लिबरलांकडूनच घेतली. टेलर यांनी स्थलांतर कमी करण्यावर भर दिला आहे. तो संख्येपुरता राहतो की माणसांवर घसरतो, यावर टार्नेटमधलं मत ठरेल.

१६. माझ्याकडे पीआर (कायम राहण्याचा परवाना) आहे, कर भरतो. मला मत देता येईल का?

नाही. १८ वर्षांवरचे नागरिकच मत देऊ शकतात. एक जुना अपवाद आहे: २५ जानेवारी १९८४ रोजी मतदारयादीत असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांना नागरिकत्व न घेताही मत आहे. भारतीय पासपोर्टधारकांसाठी अशी सवलत नाही. नागरिकत्व घेतलं की मात्र नाव नोंदवणं आणि मत देणं दोन्ही सक्तीचं होतं.

१७. नेता स्वतःच निवडणूक हरला किंवा संसदेत नसेल तर?

हरला तर नेतेपद जातं. सार्वत्रिक निवडणुकीत स्वतःची जागा हरलेले डटन हे पहिलेच संघीय विरोधी पक्षनेते. पंतप्रधान मात्र दोन हरले आहेत, १९२९ मध्ये स्टॅन्ली ब्रूस आणि २००७ मध्ये हॉवर्ड.

संसदेबाहेरचा नेता राज्याच्या राजकारणात झाला आहे. २०११ मध्ये क्वीन्सलंडच्या लिबरल नॅशनल पक्षाने ब्रिस्बेनचे महापौर कॅम्बेल न्यूमन यांना नेता केलं. ते आमदार नव्हते, म्हणून विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची दुसऱ्याने सांभाळली. २०१२ मध्ये त्यांनी ८९ पैकी ७८ जागा जिंकल्या. २०१५ मध्ये सरकारही गेलं आणि त्यांची स्वतःची जागाही.

१८. सुझन ली यांनी अंकशास्त्रासाठी नावाचं स्पेलिंग बदललं होतं का?

तरुणपणी त्यांनी नावात एक जादा 'एस' घातला, हे खरं. अंकशास्त्राचं कारण त्यांच्या एका जुन्या मुलाखतीतून आलं. त्या वैमानिकही होत्या आणि विमानातून गुरं वळवण्याचं काम त्यांनी केलं आहे. त्यांच्या नेतेपदाच्या यशापयशाशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

१९. मग टेलर यांची शक्यता तुम्हाला किती वाटते?

पुढची निवडणूक मे २०२८ पर्यंत व्हायला हवी. ३३ जागा एका फेरीत मिळवणं फार अवघड आहे. बहुतेक विरोधी पक्ष एवढं अंतर दोन निवडणुकांत कापतात.

टेलर यांच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. पार्टी रूममधलं बहुमत स्पष्ट आहे, त्यामुळे ली यांच्यासारखा रोज मागे वळून पाहायचा प्रसंग निदान लगेच येणार नाही. आणि महागाई, व्याजदर, घरांच्या किमती यांवर लोक सरकारवर नाराज होऊ शकतात. अर्थकारण हा टेलर यांचा विषय आहे. विरोधात दोन गोष्टी: डटन यांच्या काळात शॅडो अर्थमंत्री तेच होते, म्हणजे २०२५ च्या पराभवाच्या आर्थिक धोरणावर त्यांचीच सही आहे. आणि ज्या खोलीने त्यांना निवडलं, तिला शहरातला मतदार आजही दिसत नाही.

मी तीन गोष्टींवर लक्ष ठेवणार आहे. ऊर्जाधोरणाचा आकड्यांसह तपशील येतो का. जिंकता येण्यासारख्या जागांवर महिला आणि स्थलांतरित कुटुंबांतले उमेदवार दिले जातात का. आणि वन नेशनच्या पसंतीच्या मतांसाठी पत्रकावर कोणाला दुसरा क्रमांक दिला जातो. तिसऱ्या गोष्टीचं उत्तर मतदानाच्या शनिवारी शाळेच्या फाटकाबाहेर प्रत्येकाच्या हातात छापील मिळेल.